वाडा मंगळवारी बघावा

या वाड्यात मी पहिल्यांदा गेलो तो १९८६ च्या पावसाळ्यात, सायकलवरून, कॅरियरला सातबाऱ्याची पुस्तकं बांधून. त्या सजाचा मी तलाठी होतो. (आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, असं सरकारने ठरवलंय. म्हणोत बापडे.) पाच वर्षं येणंजाणं होतं, मग बदली झाली, सर्कल ऑफिसर झालो, रिटायर झालो, आणि वाडा डोक्यातून गेला. गेल्या डिसेंबरात सौभाग्यवतीला घेऊन दोन रात्री तिथे राहून आलो आणि फेब्रुवारीत पुन्हा गेलो, भाचीच्या लग्नाला, मुलीचा मामा म्हणून. सायकलवर जायचो तेव्हा बशीतून चहा मिळायचा. या दोन खेपांना पैसे पडले, म्हणून लिहायला बसलोय.

नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि आजच्या मालकाच्या पणजीच्या हातचा चहा मी प्यालेलो आहे. साताऱ्याहून कोरेगावच्या अंगाला, आलं आणि ऊस घेणाऱ्या पट्ट्यातलं गाव, एवढं पुरे. ज्यांना जायचंय त्यांना सापडेल. फाट्यावर एवढी मोठी पाटी लावलीय की एसटीचा थांबा तिच्यामागे झाकला गेलाय. पाटीवर चार ओळी: कृषी पर्यटन, हेरिटेज स्टे, डेस्टिनेशन वेडिंग, कॉर्पोरेट इव्हेंट. पहिली दोन कामं वाडा झकास करतो. तिसऱ्याचं पुढे येईलच. चौथं मी पाहिलेलं नाही.

वाडा आधी काय होता ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझी कुरकुर कळायची नाही. इनामदारांचा, दोन चौकांचा वाडा. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की देवडी, डाव्या हाताला कचेरी, उजवीकडे पागा, समोर सोपा, त्यामागे माजघर, आणखी आत देवघर आणि मुदपाकखाना. मागे परसू, खळं आणि पंधरा-वीस झाडांची आमराई. हे सगळं उभं होतं ते जमिनीच्या जिवावर. १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामं, म्हणजे साऱ्यात सूट मिळालेल्या जमिनी, गेली आणि पूर्ण सारा लागू झाला. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, तिचा मालक झाला. त्यातून ज्यांच्याकडे काही उरलं त्यांना १९६१ चा सीलिंग कायदा, म्हणजे जमीन किती ठेवता येईल त्याची कमाल मर्यादा, होता, १९७५ ला तो आणखी आवळला, जिरायत असली तरी ५४ एकरांवर नाही. इथे सीलिंगची वेळच आली नाही, कारण मधल्या काळात मुंबई-पुण्याला गेलेल्या भावकीने आपापले हिस्से विकून टाकले होते. मी दप्तर ताब्यात घेतलं तेव्हा इनामदारांच्या नावापुढे ओढ्यापलीकडची नऊ एकर, वाडा-खळं-आमराई मिळून सव्वा एकर आणि वाड्याला लागून एक सव्वादोन एकराचा तुकडा एवढंच राहिलं होतं. त्या तुकड्याची कथा निराळी आहे, ती शेवटी सांगतो.

जमीन गेली, वाडा तेवढाच राहिला. दरवर्षी कौलं परतायची, वाळवी बघायची, चुन्याचा हात मारायचा, तर पैसा हवा आणि घरात माणसं हवीत. दोन्ही नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पागेची मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. मी गेलो तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि त्या चिरेत मनगटाएवढा पिंपळ होता. थोरल्या बाई एकट्या राहायच्या. सगळं गाव त्यांना आईसाहेब म्हणायचं. मी पीकपाहणीला गेलो की कचेरीत जमखाना अंथरायला सांगायच्या आणि सोप्यातून विचारायच्या, "भाऊसाहेब, यंदा आमच्या नावावर काय पेरलंत?" वर्षाकाठी मी शेताच्या बांधावर न जाता पीकपाहणी लिहितो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अशा वाड्यांचं पुढे काय होतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं. वाटण्या होतात, चुलत-चुलत्यांत दावे लागतात, पुढची भिंत मागच्या अंगणात पडते आणि खांब, चौकटी, कोरीव तुळया कुणाच्यातरी फार्महाउसात जाऊन उभ्या राहतात. फार थोड्यांचं भलं होतं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याला कृष्णेचा घाट लाभलाय, सिनेमावाले येतात. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली गढी आहे, तिचं २००७ ला मोठं हॉटेल झालं. पण ती सगळी नावाजलेली घराणी. आमच्या इनामदारांसारखे तालुक्याबाहेर कुणाला माहीत नसलेले वाडे म्हणजे निव्वळ दगडमाती. बारामतीच्या बाजूला २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचं सुरू झालं, २०२० ला राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय झाली, तेव्हा कुठे या लोकांना वाटलं की आपल्याकडेही कुणी पैसे देऊन येईल.

इथला आताचा मालक म्हणजे आईसाहेबांचा पणतू. माझ्या वेळी जन्मायचा होता. पुण्याला शिकला, तिथेच नोकरी केली, मग घरच्यांशी भांडून सगळ्या हिस्सेदारांची संमती गोळा केली. हे शेवटचं वाक्य वाचायला सोपं आहे. एकोणीस हिस्सेदारांच्या सह्या एका कागदावर आणणं म्हणजे काय असतं ते महसूल खात्यातल्या माणसाला विचारा. निव्वळ त्याबद्दल मी या मुलाला पाचपैकी एक तारा आधीच देऊन टाकतो.

डिसेंबरात आम्ही सोमवारी दुपारी गेलो आणि बुधवारी सकाळी निघालो. एकूण खोल्या आठ, आमच्या धरून भरलेल्या तीन. दोघांना दिवसाला ५,८०० रुपये, नाश्ता आणि दोन जेवणं त्यातच. कचेरीत आता रिसेप्शन आहे. जमखाना जाऊन टेबल आलंय, पण भिंतीतले कोनाडे आणि दप्तराची फडताळं तशीच ठेवलीत. रजिस्टरात नाव लिहिताना मी कुठे बसायचो ते सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, "तेव्हाही इथे बसून लोकांकडून लिहूनच घेत होतात ना?"

डागडुजी ज्याने केली त्याला जागा कळलीय. खांबांचे दगडी तळखडे घासून काढलेत पण पॉलिश मारलेलं नाही. पुढच्या चौकातल्या भिंतींना चुन्याचाच गिलावा आहे, गूळ आणि हिरड्याच्या पाण्यात मळलेला. हे मला गवंड्याने सांगितलं, तो गावातलाच. हात लावला तर भिंत थंड लागते आणि कुठेही ओल नाही. मागच्या चौकात मात्र पैसे संपले किंवा धीर संपला, तिथे सिमेंटचा गिलावा केलाय. परिणाम डोळ्यांना दिसतो. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आलेत आणि रंगाचे फुगे धरलेत. माती-दगडाची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते बाहेर टाकते. वरून सिमेंट थापलं की ते पाणी आतच कोंडतं. खोली घेताना पुढच्या चौकातली मागा, दोनशे-चारशे जास्त पडले तरी.

पागेची चिरलेली भिंत पाडून नवी बांधलेली नाही. पिंपळ काढला, चीर चुन्याने बुजवली, आतून लोखंडी पट्ट्या टाकून दोन्ही बाजू बांधल्या आणि चीर जिथे होती तिथे बुजवलेली रेघ तशीच दिसू दिलीय. पागेत आता जेवणाची खोली आहे. भिंतीतल्या घोडे बांधायच्या कड्यांना पितळी कंदील अडकवलेत. मला हे आवडलं. न आवडलेलं एक सांगतो: माजघराच्या बाजूची अंधारी बाळंतिणीची खोली, जिला मुळात एकच हातभर झरोका होता, तिला 'रॉयल सूट' करून सगळ्यांत महाग केलंय. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून केलेल्या खोलीत एसी लावून त्याचे साडेआठ हजार घेतात. अडतीस खणांच्या वाड्यात नेमकी हीच खोली राजेशाही कशी ठरली ते विचारलं, तर म्हणाले बाथरूम मोठं काढता आलं म्हणून.

परसातलं पेव त्यांनी उघडलंय, हे बघण्यासारखं आहे. धान्याचं पेव म्हणजे काय हे नव्या पोरांना ठाऊकच नसतं. जमिनीखाली रांजणासारखं खोदलेलं, तोंड माणूस उतरेल एवढं, आतून शेणमातीने सारवलेलं. कडबा, भुसा लावून ज्वारी भरायची आणि वरून माती लिंपायची. आता तोंडावर जाड काच बसवलीय आणि आत दिवा सोडलाय. पाटी इंग्रजीत आहे. मराठीत का नाही म्हणून विचारलं तर मालक ओशाळला आणि म्हणाला, "करायचीय काका." फेब्रुवारीत गेलो तेव्हाही करायचीच होती.

जेवणाबद्दल मी सावकाश लिहिणार आहे. गावातल्या पाच-सहा बायका चुलीवर रांधतात. वाघ्या घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, हिरव्या मिरचीचा खर्डा, ताक. साताऱ्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून पॅकेटात भरून तो कुठेही मिळतो, पण त्याची आमटी हॉटेलात नीट मिळत नाही, कारण तो सावकाश शिजवावा लागतो आणि कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटावं लागतं. इथली आमटी दाट नव्हती आणि पातळ नव्हती. घेवडा अख्खा राहिला होता आणि बोटाने दाबला की पिठासारखा व्हायचा. दुसऱ्या दिवशी मटण होतं, माफक तिखट. एक तक्रार: भाकरी एकदम तीन आणून ठेवतात. तव्यावरची एकेक आणा म्हणून सांगावं लागलं. सांगितल्यावर आणली, तीही पापुद्रा फुगलेली. मावशींना घरी काय करता तेच करायला सांगितलंय, असं मालक म्हणाला. हाच शहाणपणा त्याने लग्नातही ठेवला असता तर पुढचं अर्धं लिहायची गरज पडली नसती.

सकाळी ओढ्यापलीकडच्या नऊ एकरात नेतात. हरभरा, शाळू, थोडं आलं. आल्याचे गादीवाफे आणि ठिबक दाखवायला जो माणूस होता तो खरंच तिथे राबणारा होता, पाठ केलेलं बोलत नव्हता. आमच्याबरोबर ठाण्याचं एक कुटुंब होतं. त्यांच्या मुलाने आल्याचा गड्डा उपसला आणि आलं जमिनीखाली लागतं हे कळून तो जो गप्प झाला तो घरी येईपर्यंत. बैलगाडीची फेरी शंभर रुपये. बैल धष्टपुष्ट होते. संध्याकाळी काही कार्यक्रम नव्हता. सोप्यावर बसायचं, देवळातली आरती ऐकायची, नऊला झोपायचं. एका बाईंनी टीव्ही कुठाय विचारलं, तर नाही म्हणून सांगितलं. उत्तम.

तोटे सांगायचे तर पाणी सोलरचं, जो आधी उठेल त्याची अंघोळ. मी पाचला उठतो, मला त्रास झाला नाही. देवडीच्या पायऱ्या चौदा-चौदा इंचांच्या आहेत आणि धरायला काही नाही. सौ.च्या गुडघ्यांना मी आणि गडी असे दोघे लागलो. म्हातारी माणसं नेणाऱ्यांनी आधी फोनवर सांगावं, परसाच्या बाजूचं दार उघडून देतात. तिथे पायरी एकच. हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं.

तर ही मंगळवारची गोष्ट. आम्ही इतके खूश झालो की घरी येऊन मीच धाकट्या बहिणीला म्हटलं, लग्न इथे करू. म्हणजे पुढच्यात माझाही दोष आहे.

मुलगी आणि मुलगा दोघंही पुण्यात संगणकातले. वाडा म्हटल्यावर हरखले. बुकिंग झालं ते मात्र मालकाकडे झालं नाही. लग्नसराईत शनिवार-रविवारचा वाडा एका पुण्याच्या इव्हेंट कंपनीला बांधून दिलाय. सजावट त्यांची, आचारी त्यांचे, आवाज-उजेड त्यांचा. आपला आचारी आणायचा तर ताटामागे वेगळा आकार. गावातल्या बायकांचं जेवण ठेवू म्हटलं, तर पाचशे माणसांचं त्यांना झेपत नाही असं उत्तर मिळालं. हे खरंही असेल. पण हळदीच्या रात्री घरचीच ऐंशी माणसं होती, तेव्हा काय अडचण होती? मी त्या रात्री परसात गेलो तर आमटीवाल्या मावशी विहिरीजवळ भांडी घासत होत्या. "आज चुलीला सुट्टी हाय भाऊसाहेब," म्हणाल्या, "पुन्याचं आचारी आल्यात." पुण्याच्या आचाऱ्यांनी पागेत पास्त्याचा काउंटर मांडला होता. कड्यांवरचे कंदील काढून तिथे निळे दिवे लावले होते. वाघ्या घेवडा मेनूत नव्हता. पनीर तीन प्रकारचं होतं.

खळ्यावर आणि आमराईत लॉन केलंय. खळ्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या धुम्मस करून दगडासारखी झालेली, तिच्यावर हिरवळ आपोआप जगत नाही. तर रोज पाणी. कुठलं? नऊ एकरातल्या विहिरीचं, पाइपने आणलेलं. डिसेंबरात मला आल्याला ठिबकने थेंब मोजून पाणी दाखवणारा माणूस फेब्रुवारीत हातात नळी धरून गवत भिजवत होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने दुसरीकडे.

लॉन माझ्या पावलांनी साधारण सोळा गुंठे भरलं. त्यात पाचशे माणसं म्हणजे दाटी होते पण निभतं. निभत नाही ती मोरी. आठ खोल्यांचे आठ संडास आणि लॉनच्या कडेला चार. बायकांची रांग आमराईपर्यंत गेली होती. फिरते संडास मागवा म्हणून मी महिनाभर आधी बजावलं होतं. 'नोंद घेतली' असं कळवलं होतं. मीही पस्तीस वर्षं लोकांना हेच कळवत होतो, त्यामुळे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी माजघरात फेटा सावरून तयार, भाची तयार, हातात नारळ. उंबऱ्यापाशी कंपनीची एक मुलगी कानात काहीतरी घालून उभी होती. तिने हात आडवा केला. "अंकल, दोन मिनिटं. ड्रोन अजून वर गेला नाहीये." भटजींनी पुन्हा पुकारलं. ती म्हणाली, "अंकल, प्लीज, एंट्री परत घेता येत नाही." मुलीकडचे-मुलाकडचे अक्षता मुठीत धरून घामाघूम. ड्रोन उडाला १२ वाजून २६ मिनिटांनी. नऊ मिनिटांचा उशीर मी घड्याळ बघून टिपून ठेवलाय, पंचनाम्याची सवय जात नाही. आणि ज्या शॉटसाठी हे केलं त्यात वाडा दिसतच नाही, व्हिडिओ आल्यावर बघितलं, पंख्याच्या वाऱ्याने माझा फेटा सुटतोय तेवढं स्पष्ट दिसतं.

एक मात्र मालकाच्या बाजूने लिहिलं पाहिजे. हळदीच्या रात्री डीजे होता. दहाला पाच कमी असताना मालक स्वतः आला, हात जोडून उभा राहिला आणि बरोबर दहाला बटण बंद केलं. नियम तसाच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, पण किती ठिकाणी पाळतात? मुलाकडची तरुण मंडळी चिडली. एकाने 'पैसे दिलेत' वगैरे सुरू केलं. मालक म्हणाला, "शेजारी पोलीस पाटलांची मुलगी बारावीला आहे, परवा पेपर आहे." त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. याचा अजून एक तारा.

आणि एक काढून घेतो. अनामत पन्नास हजार होती, त्यातले आठ हजार कापून घेतले. कारण, चौकातल्या तळखड्यांवर हळदीचे डाग. आता पत्रकात 'हेरिटेज चौकातील पारंपरिक हळद' असं रंगीत छापून त्याचे वेगळे पैसे घ्यायचे आणि हळद सांडली म्हणून दंड लावायचा, हे मला कुठल्याच नियमात बसवता येईना. बहिणीला वाद नको होता. मला हवा होता, पण लग्न तिच्या मुलीचं. कंपनीने पावती मेलवर येईल म्हणून सांगितलं. एप्रिल निम्मा झाला, आलेली नाही.

गेटवर कृषी पर्यटनाची पाटी आणि आत शनिवार-रविवार ही जत्रा. लॉनच्या जागेचा बिनशेतीचा आदेश आहे का, असं मी मालकाला जाता जाता विचारलं. जुनी खोड. त्याने हसून चहा सांगितला. चहा कपात आला.

आता तो सव्वादोन एकराचा तुकडा. पाचशे माणसं म्हणजे दीडशे-दोनशे गाड्या, आणि सव्वा एकर वाड्यात त्या मावत नाहीत. तेव्हा पार्किंग वाड्यामागच्या रानात. तिथे शिट्टी घेऊन एक चाळिशीचा गडी गाड्या लावत होता, पांढरा सदरा, गळ्यात मोबाइल. माझी गाडी लावून झाल्यावर जवळ आला. "वळखलं का भाऊसाहेब? आमच्या आज्ज्याचं नाव तुमीच चढवलं न्हवं का सातबाऱ्याला?"

चढवलं होतं. त्याचा आजा आईसाहेबांचं कूळ. १९५७ ला बाकीची कुळं मालक झाली, हा झाला नाही, कारण आईसाहेब तेव्हा विधवा होत्या. विधवेची किंवा अल्पवयीन वारसाची जमीन असली तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जायचा, अशी कायद्यात सोय आहे. म्हणून तो आजा तीस वर्षं दर संक्रांतीला खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घेऊन वाड्यात यायचा, देवडीत बसायचा, सोप्यावर चढायचा नाही. आईसाहेब १९८८ ला गेल्या. पुढे तहसीलदारांसमोर कूळकायद्याच्या कलम ३२-ग प्रमाणे जमिनीची किंमत ठरली, त्याने ती भरली, खरेदीचं ३२-म चं सर्टिफिकेट निघालं, आणि १९९० ला मी इनामदारांच्या नावाला कंस करून, म्हणजे ते कमी करून, खाली त्याचं नाव लिहिलं. म्हातारा पेढे घेऊन आला होता. साताऱ्याचे कंदी. हात थरथरत होते, की थंडी होती, आता आठवत नाही.

नातवाने हे रान वाड्याला वर्षाच्या बोलीवर दिलंय, गाड्या लावायला. साठ हजार. "तुमच्या टायमाला आमी वाड्याला खंड घालत हुतो," म्हणाला, "आता वाडा आमाला घालतोय. संक्रांतीलाच देत्यात, मालकानंच ठरवलंय." मालकाने ते जाणून ठरवलं की सहज, हे मी विचारायला गेलो नाही. पागेत जेवलास का विचारलं, तर म्हणाला जेवण पार्सल येतं इथेच, आत जायचं म्हणजे त्या मुलींना सांगावं लागतं. ई-पीक पाहणीत, म्हणजे आता शेतकऱ्यानेच मोबाइलवर भरायच्या पीकनोंदीत, काय भरतोस म्हणून विचारलं. "पड," म्हणजे पडीक रान, म्हणाला आणि डोळा मिचकावला. आईसाहेब असत्या तर दोघांचीही हजेरी घेतली असती.

दोन रात्री राहायला जायचं असेल तर अधल्यामधल्या वारी जा, पुढच्या चौकातली खोली घ्या, मालकाला थेट फोन करा, घेवड्याची आमटी आदल्या दिवशी सांगून ठेवा. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या पाटीचा आणि पोपड्यांचा. लग्न करायचंच असेल तर दीडशे माणसांवर करू नका आणि कंपनी मधे नको असं आधीच ठरवून घ्या. लग्नाला माझे दोन.

आणि हो, पुढच्या सालच्या तारखा धरणाऱ्यांनी पार्किंगचं नीट विचारून घ्या. निघताना नातू सांगत होता, यंदा विहिरीला पाणी बरं आहे, कारखान्याला नोंद दिलीय, जुलैत आडसाली लागण करायचीय. आडसाली म्हणजे रान दीड वर्ष अडकलं. वाड्याला सांगितलंस का, विचारलं. म्हणाला, सांगू की, घाई काय हाय.